विश्रांती हीसुद्धा आज्ञाच

"डॉक्टर, देवाच्या कामात थकवा कसला?" हे वाक्य मी ख्रिस्ती रुग्णांकडून नेहमी ऐकतो. बोलणारे कधी मंडळीचे पाळक असतात, कधी महिला मंडळाच्या बाई, तर कधी अंथरुणाला खिळलेल्या सासूची वर्षानुवर्षे सेवा करणारी सून. रक्तदाब वाढलेला असतो, झोप चार-पाच तासांवर आलेली असते. पण दोन दिवस विसावा घ्या म्हटले की चेहरा अपराध्यासारखा होतो. विश्रांती म्हणजे आळस आणि स्वतःची काळजी म्हणजे स्वार्थ, ही समजूत त्यामागे असते. वैद्यकशास्त्र तर ती मानत नाहीच. पण पवित्र शास्त्रही मानत नाही, हे आज सांगायचे आहे.

खून आणि चोरीला मनाई करणाऱ्या दहा आज्ञांमध्येच आठवड्यातून एक दिवस काम थांबवण्याची आज्ञा आहे. ती फक्त घरधन्याला नाही. मुलगा-मुलगी, दास-दासी, दारी आलेला परका, एवढेच काय, बैल आणि गाढव यांनाही ती लागू आहे. 'अनुवाद' या पुस्तकात तिचे कारणही दिले आहे: तुम्ही मिसर देशात गुलाम होता, याची आठवण ठेवा. गुलामाला सुट्टी नसते. देवाने मोकळे केलेल्या माणसाला ती असते. आणि सगळी कामे उरकली तरच थांबा, अशी अट त्यात कुठेही नाही. कामे कधी उरकतात का?

यहुदी लोक हा दिवस शनिवारी पाळतात. ख्रिस्ती लोकांनी प्रभूच्या पुनरुत्थानाचा वार म्हणून रविवार मानला, आणि इसवी सन ३२१ मध्ये रोमचा सम्राट कॉन्स्टंटाईन याने तो सुट्टीचा दिवस ठरवला. आपल्याकडे मुंबईच्या गिरणी कामगारांना १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळाली, ती महात्मा फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या झगड्यामुळे. विसावा हा कष्टकऱ्याचा हक्क आहे, हे त्यांनी दाखवून दिले.

एलीया संदेष्ट्याची गोष्ट तर मला एखाद्या केसपेपरसारखी वाटते. कर्मेल डोंगरावर मोठा विजय मिळवलेला हा माणूस ईझेबेल राणीच्या धमकीने रानात पळतो, एका झुडपाखाली बसतो आणि देवाजवळ मरण मागतो. अशा वेळी देवदूत त्याला विश्वास कमी पडला म्हणून रागावत नाही. एलीया झोपतो. देवदूत त्याला उठवून निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी देतो. तो खातो, पितो, पुन्हा झोपतो. दुसऱ्यांदा उठवून पुन्हा खाऊ घातले जाते. त्यानंतर तो होरेब डोंगरापर्यंत चालत जातो, आणि देवाचे त्याच्याशी बोलणे होते ते तिथे. आधी झोप आणि अन्न, मग उपदेश! थकलेल्या माणसाशी कसे वागावे, हे यापेक्षा सोप्या रीतीने मलाही सांगता येणार नाही.

खुद्द प्रभू येशू वादळात नावेत उशीवर डोके ठेवून झोपला होता. लोकांची ये-जा इतकी वाढली की शिष्यांना जेवायलाही सवड मिळेना, तेव्हा त्याने त्यांना एकांतात जाऊन थोडा विसावा घ्यायला सांगितले. शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करावी, असे त्याने शिकवले. 'स्वतःसारखी' या शब्दात स्वतःचा जीव जपणे आलेच. पौलानेही करिंथच्या मंडळीला लिहिताना शरीराला पवित्र आत्म्याचे मंदिर म्हटले आहे.

आता शरीराचे म्हणणे ऐका. प्रौढ माणसाला रोज किमान सात तास झोप लागते. ती सतत कमी पडली की रक्तदाब आणि मधुमेह यांचा धोका वाढतो, चिडचिड होते, विसर पडतो. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, आठवड्याला ५५ तास किंवा अधिक काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा सुमारे ३५ टक्के जास्त असतो.

यासाठी काय करावे?

१. रविवार हा घरातल्या बाईच्या सर्वांत जास्त कष्टाचा वार होऊ देऊ नका. उपासनेहून आल्यावर मटणाचा बेत आणि पाहुण्यांची पंगत ठरलेली असेल, तर निवडणे, वाढणे, भांडी घासणे ही कामे पुरुषांनी आणि मुलांनी वाटून घ्यावीत.

२. पाळकांचा रविवार कामातच जातो. त्यांनी सोमवार किंवा दुसरा एखादा वार विश्रांतीसाठी राखावा आणि मंडळीने त्या दिवशी त्यांना बोलावू नये.

३. आजाऱ्याची सेवा करणाऱ्या व्यक्तीला आठवड्यातून निदान अर्धा दिवस सुटका हवी. मंडळीतील दोघा-तिघांनी पाळीपाळीने तिथे बसावे. प्रार्थनेइतकीच हीसुद्धा सेवा आहे.

४. उपवासाच्या काळात रक्तदाबाच्या किंवा मधुमेहाच्या गोळ्या मनाने बंद करू नयेत. उपवास धरण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

५. पुरेशी झोप घेऊनही थकवा जात नसेल, तर रक्तक्षय, थायरॉईड आणि मधुमेह यांची तपासणी करून घ्यावी. दोन आठवड्यांहून अधिक काळ मन उदास राहिले, कशातच गोडी वाटेनाशी झाली, तर तेही डॉक्टरांना सांगावे. जीव नकोसा वाटत असेल तर एक दिवसही थांबू नये. सरकारच्या 'टेलि-मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे. एलीयालाही मरण हवेसे वाटले होते. तो अविश्वासू नव्हता, थकलेला होता.

आपण एक दिवस हात थांबवले म्हणून जग थांबत नाही. ते चालवणारा दुसरा कोणी आहे, यावरच तर आपला विश्वास आहे. मग आज रात्री दिवा वेळेवर मालवायला काय हरकत आहे?