पिल्लाचं तोंड केवढं?

क्रॉफर्ड मार्केटजवळच्या मासेवाल्या दुकानांत शिरलं की आधी रंग डोळ्यांत भरतात आणि मग भाव. साधे गप्पी किरकोळ पैशांत मिळतात, वर दुकानदार एखादं पिल्लू तसंच पिशवीत टाकतो. पलीकडच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतल्या निळ्या टँगसाठी मात्र हजारांत पैसे मोजावे लागतात. ही तफावत रंगावरून समजत नाही, कारण गप्पीच्या चांगल्या नराला टँगपेक्षा फिका म्हणण्याची हिंमत कोणी करू नये. घरात मासे वाढवून विकणारी मुरलेली हौशी मंडळी वेगळंच माप लावतात. ती विचारतात, या माशाच्या पिल्लाच्या तोंडात पहिल्या दिवशी काय मावतं?

ज्यानं चोच दिली तो चारा देईल, हे नदीत आणि समुद्रात ठीक आहे. काचेच्या टाकीत चारा आपल्यालाच द्यायचा असतो. तोंडच मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाचं असेल तर तो आणायचा कुठून? मासे पाळून विकण्याच्या छंदात कोणती जात निवडावी याचं निम्मं उत्तर या प्रश्नात आहे, आणि मला तरी तोच भाग सगळ्यात अजब वाटतो.

गप्पीनं हा प्रश्न पोटातच सोडवून टाकला आहे. मादी अंडी बाहेर टाकत नाही. ती आतच उबतात, बलकावर वाढतात आणि साधारण चार आठवड्यांनी तयार पिल्लं बाहेर येतात. दिवस भरत आले की मादीच्या शेपटीकडच्या बाजूला पोटावरचा काळा डाग गडद होतो. पातळ कातडीतून नीट निरखलं तर त्या डागात बारीक काळे ठिपके दिसतात. ते पिल्लांचे डोळे असतात. पिल्लू बाहेर पडतं तेव्हा मुडपलेलं असतं. क्षणभर खाली बुडतं, उलगडतं आणि थेट पाणवनस्पतींत घुसतं, कारण त्याला पहिला धोका आईकडूनच असतो. जेमतेम 6-7 मिलिमीटरचा हा जीव त्याच दिवशी बोटांनी चुरलेलं कोरडं खाद्य खायला लागतो.

म्हणजे गप्पीची पैदास कोणालाही जमते, आणि म्हणूनच साध्या गप्पीला भाव नाही. डासांच्या अळ्या खातो म्हणून हा मासा 1908 मध्ये भारतात आणला गेला. आजही आपल्याकडे आरोग्य खातं हौदांत आणि विहिरींत सोडायला गप्पी फुकट देतं. जी वस्तू सरकार फुकट वाटतं ती विकायला कोण बसणार? विकला जातो तो निवडून सिद्ध केलेला वाण: सगळं अंग लालभडक असलेला, गर्द निळा, किंवा लाल डोळ्यांचा अल्बिनो. पिढ्यान् पिढ्या एकसारखा.

हा वाण टिकवणं ही खरी विद्या आहे. योहानेस श्मिट हे डेन्मार्कचे शास्त्रज्ञ. नदीतली ईल अंडी घालायला अटलांटिकमधल्या सारगासो समुद्रात जाते, याचा माग काढणारे म्हणून त्यांचं नाव आहे. तेच कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत (हो, बिअरवालं कार्ल्सबर्गच) गप्पीही पाळत होते. पाठीवरच्या पराचा एक काळा ठिपका बापाकडून मुलाकडे जातो, मुलीत कधीच दिसत नाही, हे त्यांनी 1920 मध्ये दाखवलं. गुण वाय गुणसूत्रावरून थेट बापाकडून मुलाकडे जातो, याच्या अगदी सुरुवातीच्या पुराव्यांपैकी तो एक. पण सगळे रंग त्या एका गुणसूत्रावर नसतात. राखाडी दिसणारी मादीही रंगांचे गुण अंगात बाळगून असते, फक्त ते दाखवत नाही. त्यामुळे मादी दिसण्यावरून निवडता येत नाही, तिची भावंडं कशी निघाली ते पाहावं लागतं.

त्यात आणखी एक गोम आहे. एकदा मीलन झालं की मादी नराचं वीर्य शरीरात कित्येक महिने साठवून ठेवते आणि नर जवळ नसतानाही पुन्हा पुन्हा विते. दुकानातून आणलेल्या मादीला घरी कितीही देखणा नर दाखवा, पुढच्या दोन-तीन वेतांचा बाप दुकानातलाच कोणीतरी निघण्याची शक्यता मोठी. म्हणून वाण राखणारे लोक पिल्लं तीन-चार आठवड्यांची होताच भिंग घेऊन बसतात. ज्याच्या पोटाखालचा पर निमुळता, काडीसारखा होऊ लागला तो नर. तो ताबडतोब दुसऱ्या टाकीत. उशीर झाला तर ती बॅच वाणासाठी गेलीच म्हणायची.

निवडीनं रंग घडतो, हेच त्रिनिदादच्या ओढ्यांतले गप्पी उलट बाजूनं सांगतात. ज्या डोहांत मोठे शिकारी मासे आहेत तिथले नर साधे, धबधब्याच्या वरच्या सुरक्षित डोहांतले भडक. जीवशास्त्रज्ञ जॉन एंडलर यांनी गप्पी हौदांत वाढवले, काही हौदांत शिकारी सोडले, काहींत नाही. काही पिढ्यांतच शिकारी असलेल्या हौदांत ठिपके कमी झाले आणि बाकीच्यांत वाढत गेले. त्यांचा हा निष्कर्ष 1980 मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्या गॅलरीतल्या टाकीत शिकारी नसतो, माणसाचा डोळा असतो. काम तेच चालतं, दिशा तेवढी बदलते.

अंडी घालणाऱ्या माशांकडे वळलं की चाऱ्याचा प्रश्न खऱ्या अर्थानं सुरू होतो. त्यातला सोपा, आणि माझ्या मते घरगुती विक्रीसाठी सगळ्यात शहाणपणाचा मासा म्हणजे एंजल. त्याचा नर कोणता नि मादी कोणती हे अनुभवी माणसालाही पाहून सांगता येत नाही. म्हणून सहा-आठ पिल्लं एकत्र वाढवायची आणि त्यांनाच जोडीदार निवडू द्यायचा. जमलेली जोडी टाकीचा एक कोपरा बळकावते, उभं पान किंवा पाटी चोखून साफ करते आणि त्यावर ओळीनं शेकडो अंडी चिकटवते. दोन-तीन दिवसांत ती फुटतात, पण पिल्लं पानालाच चिकटून वळवळत राहतात. पोहू लागायला आठवडा जातो. त्या दिवशी त्यांना हवं असतं जिवंत, हलणारं आणि अर्ध्या मिलिमीटरच्या आतलं काहीतरी.

ते काहीतरी म्हणजे आर्टेमिया. खाऱ्या सरोवरांतला हा झिंग्याचा दूरचा भाऊबंद. अमेरिकेतल्या ग्रेट सॉल्ट लेकच्या काठावरून त्याची सुकी, तपकिरी अंडी गोळा केली जातात आणि डब्यांत भरून जगभर जातात. एका ग्रॅममध्ये दोन लाखांहून अधिक जीव, वर्षानुवर्षं झोपलेले. लिटरभर पाण्यात 25 ग्रॅम मीठ, 28 अंशांच्या आसपास ऊब आणि खालून एअर पंपाचे बुडबुडे मिळाले की चोवीस तासांत बाटलीतलं पाणी केशरी होतं. हवा बंद करून तळाशी टॉर्च धरायचा. रिकामी टरफलं वर तरंगतात आणि जिवंत ठिपके उजेडाकडे धाव घेतात. तिथून ते नळीनं ओढून घ्यायचे, फडक्यातून गाळून गोड्या पाण्यानं धुवायचे आणि ड्रॉपरनं टाकीत सोडायचे. पाच मिनिटांत एंजलच्या काचेसारख्या पिल्लांची पोटं केशरी दिसू लागतात. ज्याचं पोट केशरी झालं ते जेवलं, बाकीच्यांकडे पुन्हा बघायचं. माशांच्या पिल्लांसाठी ही युक्ती 1933 मध्ये मत्स्यतज्ज्ञ आल्विन सील यांनी मांडली. घरच्या घरी मासे वाढवण्याचा छंद पसरला त्यात या सुक्या अंड्यांचा वाटा फार मोठा आहे, आणि त्याचं श्रेय कोणी फारसं देत नाही.

फायटर माशाच्या पिल्लाचं तोंड याहूनही लहान. नर पाण्याच्या पृष्ठभागावर लाळेच्या बुडबुड्यांचं घरटं बांधतो, मादीला विळखा घालतो, खाली पडणारी अंडी तोंडात झेलून घरट्यात ठेवतो आणि मग मादीलाच हाकलून लावतो. दीड दिवसात अंडी फुटतात. निसटलेलं प्रत्येक पिल्लू तो वर नेऊन पुन्हा बुडबुड्याला चिकटवतो. पिल्लं पोहू लागली की पहिले काही दिवस आर्टेमियाही त्यांना मोठा पडतो. तेव्हा कामी येतं बरणीतलं गढूळ पाणी. टाकीच्या पाण्यात कोबीचं पान किंवा केळ्याची साल टाकून बरणी खिडकीत ठेवायची. पाणी आधी दुधाळ होतं, वास मारतं (घरच्यांचा छंदावरचा राग बहुधा याच दिवशी उफाळतो) आणि मग हळूहळू नितळतं. त्यात सूक्ष्मजीवांची गर्दी झालेली असते. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात फायटर वरची हवा श्वासात घ्यायला शिकतो, तेव्हा ती हवा ऊबदार आणि दमट राहावी म्हणून टाकीवरचं झाकण घट्ट लागतं.

एवढं जमलं तरी फायटर विकायला सोपा नाही. थायलंडनं 2019 मध्ये त्याला राष्ट्रीय जलचर ठरवलं, पण त्याचं भांडखोरपण हजार वर्षांच्या पाळीव आयुष्यानंतरही गेलेलं नाही. उलट माणसानं ते जोपासलंच. शंभर नर म्हणजे शंभर बरण्या आणि शंभर बरण्यांचं पाणी बदलणं. वन-बीएचकेमध्ये हे गणित बसत नाही.

डिस्कसनं तर चाऱ्याचा प्रश्न आपल्या अंगावरच घेतला आहे. त्याची पिल्लं आईबापांच्या कातडीवरचा चिकट स्राव चरतात. एक दमला की दुसरा पुढे येतो. निऑन टेट्राला अगदी मृदू, आम्ल पाणी लागतं आणि त्याची अंडी उजेड सोसत नाहीत. ज्यांच्याकडे बोअरचं पाणी आहे त्यांनी त्या वाटेला न गेलेलं बरं. पठारावरचं क्षारांचं जड पाणी गप्पी, मॉली, प्लॅटी यांना मानवतं. मुंबईच्या नळाला येणारं तलावांचं पाणी मृदू असतं, फक्त त्यातलं क्लोरीन आधी घालवावं लागतं. मासा निवडण्याआधी नळ कोणता आहे ते बघावं, असं मी म्हणेन.

आता तो निळा टँग. समुद्री माशांत त्यातल्या त्यात सोपा क्लाउनफिश. त्याची पिल्लं रोटिफर नावाच्या सूक्ष्म जीवांवर वाढतात. ऐरोलीत कांदळवन प्रतिष्ठानच्या केंद्रातही क्लाउनफिशची पैदास होते. पण टँगच्या पिल्लाचं तोंड रोटिफरलाही पुरत नाही. शेवटी कोपेपॉड या समुद्री जीवाची 0.1 मिलिमीटरहूनही लहान पिल्लं त्याच्यासाठी वेगळी वाढवावी लागली. हवाईत 2015 मध्ये पिवळा टँग टाकीत वाढवण्यात यश आलं, फ्लोरिडा विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत 2016 मध्ये निळा. याच माशाचा सिनेमा ‘फाइंडिंग डोरी’ पडद्यावर आला तेच वर्ष. तोवर जगातल्या कुठल्याही टाकीतली डोरी समुद्रातून पकडूनच आणलेली होती, आणि आजही बहुतेक तशाच येतात. भाव त्या तोंडाचा आहे.

न विकलेल्या माशांचं काय करायचं, हे आधीच ठरवलेलं बरं. टाकीत न मावणारा सकर मासा उजनीच्या जाळ्यांत सापडू लागला तो कोणाच्या तरी ‘सोडून देऊ नदीत’ या भूतदयेतूनच.

पण मला निवडायला सांगितलं तर मी एक वेगळाच मासा सुचवीन. नोथोब्रँकियस. पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेत पावसाळ्यात साचणाऱ्या डबक्यांत तो राहतो. डबकं काही महिन्यांत आटतं, मासे मरतात, अंडी चिखलात थांबून राहतात. त्यातली फर्झेराय ही जात अंड्यातून निघाल्यावर 14 दिवसांत वयात येऊ शकते. हौशी लोक टाकीत कोकोपीटचं भांडं ठेवतात, नर-मादी त्यात अंडी पुरतात, मग ते कोकोपीट पिळून ओलसर असतानाच पिशवीत बंद करतात. ही पिशवी पाकिटात घालून पोस्टानं पाठवता येते. दोन, चार, सहा महिन्यांनी, जात असेल तसं, त्यावर गार पाणी ओतलं की काही तासांत पिल्लं पोहू लागतात. पहिल्याच दिवशी त्यांना आर्टेमिया खाता येतो. म्हणजे अंड्यांचा मासा, पण तोंड पुरेसं मोठं.

दुकानदार तो घेत नाही. काही महिन्यांत म्हातारा होऊन मरणारा मासा गिऱ्हाईकाला कसा खपवायचा? त्यामुळे त्याचा व्यवहार बहुतेक हौशी माणसांमध्येच चालतो. मासा नाही, पिशवी विकली जाते, आणि तिच्यावर चार गोष्टी लिहिलेल्या असतात: जात, मूळ डबक्याचं ठिकाण, अंडी काढल्याची तारीख आणि पाणी ओतायची तारीख.