साबणी विषाला कोलेस्टेरॉलची वेसण

क्षयाचे जंतू, ज्या भक्षकपेशीने त्यांना गिळून पचवावे, तिच्यातच मुक्काम ठोकतात; रक्तातील प्रतिपिंडे तेथवर पोचत नाहीत, म्हणून अशा जंतूंवरील लशीला टी-पेशी जागवाव्या लागतात, कारण त्यांनी सोडलेल्या इंटरफेरॉन-गॅमामुळे भक्षकपेशीला पोटातले जंतू मारण्याचे बळ येते. नुसते शुद्ध प्रथिन टोचून हे सहसा साधत नाही. जोडीला प्रतिकारशक्ती चेतवणारे साहाय्यक द्रव्य लागते.

लायपोसोम म्हणजे मेदरेणूंच्या दुहेरी पडद्याची अतिसूक्ष्म पोकळ पिशवी. ॲलेक बँगहॅम यांनी ती केंब्रिजजवळच्या बाब्राहम येथे १९६० च्या दशकात अभ्यासली आणि १९७४ मध्ये ॲलिसन व ग्रेगोरियाडिस यांनी घटसर्पाच्या टॉक्सॉइडसह तिचा लशीतील उपयोग दाखवला. पिशवीत लस भरायची आणि पेशीत पोचवायची, ही तिच्याविषयीची रूढ कल्पना. एम७२/एएस०१ई या क्षयाच्या लशीत मात्र तसे घडत नाही. जंतूच्या दोन प्रथिनांचा जोड असलेले एम७२ वेगळ्या कुपीत कोरडे असते व टोचण्यापूर्वी लायपोसोमच्या द्रवात कालवले जाते. पडद्यात बसतात ती दोन चेतकद्रव्ये: साल्मोनेला जंतूच्या आवरणापासून मिळवलेले एमपीएल आणि चिलीतील क्विलाजा वृक्षाच्या सालीतले क्यूएस-२१.

हे दुसरे द्रव्य रिठ्याला फेस आणणाऱ्या सॅपोनिनांच्या कुळातले. ते पेशीच्या पडद्यातील कोलेस्टेरॉलला चिकटून पडद्याला भोके पाडते, त्यामुळे मोकळे टोचल्यास तांबड्या पेशी फुटू शकतात. लायपोसोमच्या पडद्यात कोलेस्टेरॉल आधीच मिसळलेले असल्याने सॅपोनिन तेथेच अडकते. त्याचा उपद्रव ओसरतो, चेतवण्याची ताकद मात्र टिकते. या लशीतली खरी कारागिरी वाहतुकीत नाही, या बंदोबस्तात आहे.

अडचणी तरीही थोड्या नाहीत. केनिया, दक्षिण आफ्रिका व झांबियातील सुमारे साडेतीन हजार संसर्गित पण निरोगी प्रौढांवरील चाचणीत तीन वर्षांत लस घेतलेल्यांत १३ आणि न घेतलेल्यांत २६ जणांना फुप्फुसाचा क्षय झाला. संरक्षण सुमारे ५० टक्के भरते खरे, पण एकूण रुग्ण अवघे ३९, आणि त्यामुळे अंदाजाची मर्यादा २ ते ७४ टक्के इतकी पसरट आहे. शिवाय कोणती प्रतिकारखूण संरक्षणाची हमी देते हे ठरलेले नसल्याने प्रत्येक सुधारणेला अशीच लांबलचक, खर्चिक चाचणी लागते. अडचण पुरवठ्याचीही आहे: क्यूएस-२१ मुळात झाडाच्या सालीतून येते. यीस्टमध्ये ते घडवल्याचे २०२४ मध्ये जाहीर झाले, तरी प्रयोगशाळेतील यश म्हणजे कारखान्यातले उत्पादन नव्हे.

चाचण्यांचा तिसरा टप्पा मार्च २०२४ मध्ये दक्षिण आफ्रिकेत सुरू झाला असून त्यात २०,००० पर्यंत लोकांचा समावेश योजलेला होता. जगातील सुमारे चतुर्थांश क्षयरुग्ण भारतात असताना आणि १९२१ पासूनची बीसीजी लस प्रौढांच्या फुप्फुसी क्षयापुढे बेभरवशाची ठरली असताना, तिसऱ्या टप्प्याच्या निकालाआधी ही नवी लस हाती आली असे धरून चालणे घाईचे ठरेल.