सरकारी खात्याचं प्रगतिपुस्तक कसं वाचायचं?

 

आजचा विषय नावाला रुक्ष आहे. सरकारी खात्यांनी वर्षाच्या सुरुवातीला कामाची योजना कशी मांडायची आणि वर्षाअखेर हिशेब कसा द्यायचा, याचे नियम आज पाहायचे आहेत. पैशांचा हिशेब बहुतेक वेळा मिळतो. इतके कोटी मंजूर झाले, इतके खर्च झाले. पण त्या पैशातून लोकांच्या आयुष्यात काय बदललं, हा हिशेब वेगळा असतो. तो मागायचा कसा, हे आपल्याला समजायला हवं.

आधी चार पायऱ्या समजून घेऊ. पहिली पायरी पैसा आणि माणसं. दुसरी पायरी कृती, म्हणजे निविदा काढणं, बांधकाम करणं, प्रशिक्षण देणं. तिसरी पायरी आउटपुट, म्हणजे हातात आलेली वस्तू किंवा सेवा. चौथी पायरी आउटकम, म्हणजे त्या वस्तूमुळे झालेला परिणाम. शाळेत शौचालय बांधून झालं हे आउटपुट. मुली ते रोज वापरतात आणि त्यापायी शाळा बुडवत नाहीत, हे आउटकम. बहुतेक सरकारी अहवाल तिसऱ्या पायरीवर थांबतात आणि चौथी गाठल्यासारखे बोलतात. सगळी गोची इथेच आहे.

हे शौचालयाचं उदाहरण मी हवेतून घेतलेलं नाही. १५ ऑगस्ट २०१४ ला लाल किल्ल्यावरून पंतप्रधानांनी जाहीर केलं की वर्षभरात प्रत्येक शाळेत मुलामुलींसाठी वेगळी शौचालयं होतील. त्यात केंद्राच्या सार्वजनिक कंपन्यांनाही वाटा उचलायला सांगितलं गेलं आणि त्यांनी सुमारे १ लाख ४० हजार शौचालयं बांधल्याची नोंद झाली. मग नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी, म्हणजे ज्यांना आपण कॅग म्हणतो त्यांनी, १५ राज्यांतल्या २,०४८ शाळांमधल्या २,६९५ शौचालयांची जागेवर जाऊन पाहणी केली. हा अहवाल २०२० मध्ये संसदेसमोर आला.

त्यातले आकडे सावकाश ऐका. ८३ शौचालयं ठरली होती, पण बांधलीच नव्हती. २०० शौचालयं कागदावर पूर्ण होती, जागेवर नव्हती. ८६ अर्धवट होती. उरली २,३२६. त्यातली ६९१, म्हणजे सुमारे ३० टक्के, वापरातच नव्हती. कुठे पाणी नाही, कुठे सफाई नाही, कुठे कुलूप. आणि बांधलेल्यांपैकी ७२ टक्के शौचालयांत आत वाहतं पाणी नव्हतं. आता सांगा, ‘उद्दिष्ट पूर्ण’ हा शेरा खरा की खोटा? बरीचशी बांधकामं खरोखर झाली होती. पण पाणी आणि रोजची सफाई यांच्याशिवाय त्या भिंतींचा मुलींना काय उपयोग?

म्हणून चांगली योजना लिहिताना काही गोष्टी आधीच बांधून घ्याव्या लागतात. फौजेत मोहिमेचा आदेश लिहिण्याचा ठरलेला साचा असतो. परिस्थिती काय, उद्दिष्ट काय, ते कसं साधायचं, रसद कुठून येणार, हुकूम आणि संपर्क कोणाकडे. उद्दिष्ट एका वाक्यात बसलं पाहिजे. ‘परिस्थिती सुधारण्यासाठी सर्वतोपरी प्रयत्न करावेत’ असं कोणी लिहिलं तर तो आदेश परत येतो, कारण काम फत्ते झालं की नाही हे त्यावरून ठरवताच येत नाही. सरकारी योजनेलाही हाच नियम लावा. काय मोजणार, आज तो आकडा किती आहे, कोणत्या तारखेपर्यंत किती करणार, आणि जबाबदार कोण?

अमेरिकेने हे सगळं कायद्यात घातलं. १९९३ मध्ये तिथल्या संसदेने सरकारी कामगिरी आणि परिणामांचा कायदा केला आणि २०१० च्या सुधारणा कायद्याने तो आणखी कडक झाला. त्यानुसार बहुतेक केंद्रीय संस्थांना तीन कागद द्यावे लागतात: काही वर्षांची दीर्घ योजना, वर्षाची कामगिरी योजना, आणि वर्षाअखेर कामगिरीचा अहवाल. त्यातल्या दोन अटी मला फार महत्त्वाच्या वाटतात. उद्दिष्ट चुकलं तर का चुकलं आणि आता काय करणार, हे अहवालात लिहावंच लागतं. उद्दिष्टच अव्यवहार्य होतं असं म्हणायचं असेल, तर तेही कारणासह. दुसरी अट अशी की ही योजना सरकारी कर्मचाऱ्यांनीच लिहायची, बाहेरच्या सल्लागाराकडून लिहून घ्यायची नाही. ज्याला काम करायचं आहे त्यानेच शब्द द्यावा, हा त्यामागचा विचार.

आपल्याकडे काय आहे? विचार जुना आहे. १९६६ साली नेमलेल्या पहिल्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने कामगिरीवर आधारित अंदाजपत्रकाची शिफारस केली. १९८० च्या दशकात सार्वजनिक कंपन्यांशी सामंजस्य करार करून त्यांना श्रेणी देण्याची पद्धत आली. २५ ऑगस्ट २००५ ला तेव्हाचे अर्थमंत्री पी. चिदंबरम यांनी पहिलं आउटकम बजेट संसदेत मांडलं. २००९ मध्ये मंत्रिमंडळ सचिवालयाने खात्यांसाठी रिझल्ट्स फ्रेमवर्क डॉक्युमेंट आणलं. त्यात प्रत्येक उद्दिष्टाला वजन, प्रत्येक निकषाला उत्कृष्टपासून निकृष्टपर्यंत पाच पायऱ्या, आणि वर्षाअखेर शंभरपैकी गुण. दुसऱ्या खात्याकडून आपल्याला काय हवं आहे, हेही त्यात लिहावं लागे, म्हणजे नंतर ‘फाइल त्यांच्याकडे अडली’ ही सबब चालत नाही.

ही गुणपद्धत २०१४ नंतर मागे पडली. २०१७-१८ पासून अर्थसंकल्पाबरोबर केंद्राच्या योजनांचा एकत्रित आउटपुट-आउटकम आराखडा येऊ लागला. त्यावर देखरेख ठेवण्याचं काम नीती आयोगाच्या मूल्यमापन कार्यालयाकडे आहे. आता अमेरिकेतला आणि आपला फरक पाहा. तिथे कायदा आहे. आपल्याकडे केंद्रात अशा योजना-अहवालांसाठी वेगळा कायदा नाही, सगळं सरकारच्या सूचनांवर चालतं. सूचनेने आलेली पद्धत सूचनेनेच जाते. पद्धत बदलली की निकष बदलतात, आणि निकष बदलले की मागच्या पाच वर्षांशी तुलनाच करता येत नाही. प्रगती झाली की नाही, हे मग कोणालाच ठामपणे सांगता येत नाही.

आकडे फुगतात कसे, हेही समजून घ्या. तपासणी येणार म्हटलं की रस्त्याकडेच्या दगडांना चुना लावायचा, ही गंमत प्रत्येक फौजी जाणतो. जे मोजलं जातं तेच चकाकतं. खात्यात उद्दिष्ट ठरवणारा, काम करणारा आणि अहवाल लिहिणारा एकच असेल, तर उद्दिष्ट सोपं ठेवण्याचा मोह होतो. म्हणून बाहेरची नजर लागते. कॅगचं कामगिरी लेखापरीक्षण ही एक नजर. तिथे खर्च नियमात बसला का एवढंच नाही, तर काटकसर, कार्यक्षमता आणि परिणामकारकता या तिन्ही गोष्टी तपासल्या जातात. संसदेच्या विभागवार स्थायी समित्या ही दुसरी. त्या १९९३ पासून खात्यांच्या मागण्या तपासतात आणि शिफारशींवर काय केलं याचं उत्तर सरकारला तीन महिन्यांत द्यावं लागतं.

तिसरी नजर आपली. आउटपुट-आउटकम आराखडा केंद्रीय अर्थसंकल्पाच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतो. तुमच्याशी संबंधित एक योजना निवडा, शाळा, पाणी, निवृत्तिवेतन, काहीही, आणि हे पाच प्रश्न विचारा:

१. हा आकडा कामाचा आहे की परिणामाचा?
२. सुरुवातीचा आकडा दिला आहे का? तो नसेल तर ‘वाढ’ कशाच्या तुलनेत?
३. किती पैकी किती? ‘५० हजार लाभार्थी’ ऐकायला मोठं वाटतं, पण पात्र किती होते?
४. आकडा कोणी तपासला? खात्यानेच, की बाहेरच्या कोणी?
५. उद्दिष्ट चुकलं असेल तर कारण लिहिलं आहे का?

एक सावधगिरी. काही रकान्यांत लक्ष्य ठरवता येत नाही असं लिहिलेलं असतं, कारण योजना मागणीवर चालते. ते दर वेळी लपवणं नसतं. पण तिथेही मागणी किती आली आणि किती पूर्ण झाली, हे विचारता येतं. उत्तर नाही सापडलं तर माहिती अधिकार कायदा, २००५ हाताशी आहे. त्याच्या कलम ४ प्रमाणे अंदाजपत्रक, योजना आणि खर्चाचे अहवाल खात्याने न मागताच प्रसिद्ध करायचे आहेत. तरी न मिळाल्यास साधा अर्ज करा. ३० दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. अर्जात ‘योजनेची सर्व माहिती द्या’ असं लिहू नका. ‘आमच्या गावातल्या शाळेचा, या वर्षाचा, हा आकडा’ असं नेमकं मागा.

आणि एक सांगतो. उद्दिष्ट चुकल्याचं प्रामाणिकपणे लिहिणाऱ्या अधिकाऱ्याला आपण आणि आपल्या वर्तमानपत्रांनी झोडपून काढलं, तर पुढच्या वर्षी तोही चुनाच लावेल. कारण सांगणाऱ्याला पुढचा प्रश्न विचारा. शिक्षा खोटा आकडा देणाऱ्याला व्हावी.

या आठवड्यात एक काम करा. जवळच्या सरकारी शाळेत जा, मुख्याध्यापकांची परवानगी घ्या आणि शौचालयात नळ सोडून पाहा. पाणी येतं का, एवढंच खाली कळवा. पुढच्या भागात कॅगचा अहवाल कसा वाचायचा ते पाहू.

जय हिंद.