खाटेला बांधलेला बातमीदार

उत्तर प्रदेशातील हाथरस जिल्ह्यात १४ सप्टेंबर २०२० रोजी एका १९ वर्षांच्या दलित मुलीवर शेतात अमानुष हल्ला झाला. २९ सप्टेंबरला दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयात तिने प्राण सोडला. त्याच रात्री पोलिसांनी तिचे प्रेत गावी नेले आणि आईबापाला घरात अडवून ठेवून अंधारात जाळून टाकले. लेकीचे तोंड शेवटचे पाहू द्या, एवढेच आई मागत होती. तेही तिला मिळाले नाही.

ही हकीगत आपल्यापर्यंत पोहोचली ती बातमीदारांमुळे. खैरलांजीचे हत्याकांडही २९ सप्टेंबरचेच, साल २००६. तेव्हा सुरुवातीचे काही आठवडे मोठ्या वृत्तपत्रांनी त्याला किरकोळ जागा दिली होती. बातमी दडली की न्यायही दडतो, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक? म्हणून हाथरसच्या वाटेवर पकडल्या गेलेल्या एका पत्रकाराची कहाणी आपल्या घराघरात माहीत असली पाहिजे.

टोलनाक्यावर अटक

सिद्दीक कप्पन हे मूळचे केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यातले. दिल्लीत राहून ते मल्याळी वृत्तमाध्यमांसाठी लिहीत आणि केरळच्या श्रमिक पत्रकार संघाच्या दिल्ली शाखेचे चिटणीस होते. ५ ऑक्टोबर २०२० रोजी ते हाथरसला निघाले असता मथुरेजवळच्या टोलनाक्यावर पोलिसांनी गाडी अडवली. त्यांच्यासह चौघांना अटक झाली. पुढे यूएपीए हा दहशतवादविरोधी कायदा आणि राजद्रोहाचे कलम लागले. दंगल घडवण्याच्या कटात ते एका संघटनेसाठी काम करीत होते, असे सरकारचे म्हणणे. आपण केवळ वार्तांकनासाठी निघालो होतो, असे कप्पन यांचे म्हणणे.

पत्रकार संघाने दुसऱ्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. तरीही वकिलाला त्यांची भेट मिळायला सुमारे दीड महिना लागला. वास्तविक राज्यघटनेचे कलम २२ सांगते की, अटक झालेल्या माणसाला कारण कळवले पाहिजे, वकिलाचा सल्ला घेऊ दिला पाहिजे आणि चोवीस तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभे केले पाहिजे. हे कलम घटनेत आपोआप आलेले नाही. मनमानी अटकेविरुद्ध मसुद्यात पुरेसे संरक्षण उरले नाही, ही उणीव भरून काढण्यासाठी सप्टेंबर १९४९ मध्ये बाबासाहेबांनी स्वतः घटना समितीत ते १५-अ या क्रमांकाने मांडले. तेच आजचे कलम २२.

आजारी कैद्याचे हाल

कप्पन यांना मधुमेह होता. एप्रिल २०२१ मध्ये, करोनाची दुसरी लाट ऐन भरात असताना, ते मथुरेच्या तुरुंगात न्हाणीघरात कोसळले. तपासणीत करोना निघाला. त्यांना मथुरेच्या एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात नेण्यात आले. पत्नीने सरन्यायाधीशांना कळवले की, नवऱ्याला जनावरासारखे खाटेला साखळीने बांधून ठेवले आहे. नीट जेवता येत नाही आणि संडासालाही जाता येत नाही.

२८ एप्रिलला सरन्यायाधीश रमणा यांच्या खंडपीठाने सरकारचा विरोध बाजूस सारून कप्पन यांना दिल्लीच्या सरकारी रुग्णालयात हलवण्याचा आदेश दिला. जगण्याचा हक्क कच्च्या कैद्यालाही आहे, हे न्यायालयाने स्पष्ट केले. त्यांना एम्समध्ये नेले खरे. पण आठवडाभरातच परत मथुरेच्या तुरुंगात आणले. पुढे १८ जून २०२१ रोजी त्यांची नव्वदीची आई वारली. फेब्रुवारीत न्यायालयाने दिलेल्या पाच दिवसांत झालेली भेट, तीच मायलेकराची शेवटची ठरली.

बेडीबद्दल कायदा काय म्हणतो?

सर्रास बेड्या घालणे अमानुष आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने प्रेमशंकर शुक्ला खटल्यात १९८० मध्येच सांगितले. १९९५ चा निकाल तर याहून बोलका आहे. ज्येष्ठ पत्रकार कुलदीप नय्यर यांनी गुवाहाटीच्या रुग्णालयात टाडाखालील सात कैदी खाटेला बेड्या घालून, वर दोरखंडाने बांधलेले पाहिले आणि न्यायमूर्तींना पत्र लिहिले. त्या पत्रावरूनच न्यायालयाने ठरवले की, न्यायदंडाधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय कैद्याला बेडी घालता येणार नाही. म्हणजे कैद्यांना हे संरक्षण मिळाले त्यामागेही एका पत्रकाराचीच लेखणी होती!

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४३ ने काही गंभीर गुन्ह्यांत पोलिसांना बेडी वापरण्याची मुभा दिली आहे. पण ती अटक करताना किंवा न्यायालयात हजर करताना. आजाऱ्याला खाटेला जखडण्याची मुभा त्यात नाही.

सुटका, पण कधी?

९ सप्टेंबर २०२२ रोजी सरन्यायाधीश लळीत यांच्या खंडपीठाने यूएपीए प्रकरणात जामीन दिला. पीडितेला न्याय मिळावा म्हणून आवाज उठवणे हा गुन्हा होतो काय, असा सवाल सुनावणीत झाला. तरी पैशाच्या गैरव्यवहाराचा दुसरा खटला उभाच होता. त्यात अलाहाबाद उच्च न्यायालयाने २३ डिसेंबरला जामीन देताना नोंदवले की, सहआरोपीच्या खात्यात पाच हजार रुपये गेल्याच्या आरोपाखेरीज दुसरा व्यवहार दाखवलेला नाही. जामीनदार मिळेना, तेव्हा लखनौ विद्यापीठाच्या माजी कुलगुरू, ऐंशीच्या घरातील रूपरेखा वर्मा पुढे आल्या. ओळखपाळख नसलेल्या माणसासाठी त्यांनी आपल्या गाडीची कागदपत्रे दिली. २ फेब्रुवारी २०२३ ला कप्पन बाहेर आले. गुन्हा शाबीत न होता अठ्ठावीस महिने गेले होते.

महिन्याभराने हाथरसचा निकाल लागला. चार आरोपींपैकी एकाला सदोष मनुष्यवध आणि अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली जन्मठेप झाली, तिघे सुटले. बलात्काराचा आरोप कोणावरच सिद्ध झाला नाही.

आपल्या घरासाठी

हे हक्क केवळ पत्रकारांचे नाहीत. मोर्चातून, संपातून किंवा वस्तीतल्या भांडणातून आपलाही मुलगा उद्या पोलीस कोठडीत जाऊ शकतो. तेव्हा घाबरून न जाता चार गोष्टी कराव्यात.

अटकेची माहिती नातेवाइकाला देणे पोलिसांवर बंधनकारक आहे. ठाण्याचे नाव आणि वेळ लिहून ठेवा. मधुमेह, रक्तदाब, दमा, फिट्स असा आजार असेल तर डॉक्टरची चिठ्ठी आणि गोळ्यांची नावे वकिलामार्फत लगेच न्यायाधीशांपुढे ठेवा. कोठडीत असताना दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे, असे डी. के. बसू खटल्यात १९९६ मध्येच ठरले आहे. आणि वकिलाला पैसे नाहीत म्हणून गप्प बसू नका. १९८७ च्या कायद्याने कोठडीतील प्रत्येक माणसाला, तसेच अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना आणि स्त्रियांना वकील मोफत मिळतो. जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करा.

घटनेने दिलेला हक्क कागदावर आपोआप जिवंत राहत नाही. तो मागावा लागतो. कप्पन यांच्यासाठी तो त्यांच्या पत्नीने मागितला, पत्रकार संघाने मागितला, एका वृद्ध शिक्षिकेने मागितला. आपली दुःखे जगाला सांगायला निघालेला माणूस तुरुंगात पडला, तर त्याच्यासाठी मागणाऱ्यांत आपलेही नाव असले पाहिजे.