स्वस्त बायोडिझेल कोणाला महाग पडते?

पाचोरा-जामनेर ही छोटी रेल्वे, आपल्या लोकांची 'पी.जे.', २०२० च्या टाळेबंदीत थांबली ती थांबलीच. तेव्हापासून बाजार, दवाखाना, कोर्ट-कचेरी यासाठी तालुक्यातला गरीब माणूस एस.टी. आणि काळी-पिवळीच्या भरवशावर आहे. काळी-पिवळी चालविणारा तरी कोण? ज्याच्या नावावर सातबारा नाही असा, बहुधा आमचाच तरुण. पतपेढीचे कर्ज काढून तो जुनी जीप घेतो आणि नव्वदीच्या आसपासचे डिझेल भरतो. त्याला कोणी 'लिटरमागे दहा रुपये वाचव' म्हटले, तर तो वाचविणारच.

जामनेरच्या स्टँडबाहेर अशाच एका चालकाशी आम्ही बोललो. रस्त्याकडेच्या शेडमधून त्याने तीन वेळा 'बायोडिझेल' भरले. पावती नाही, फलक नाही. "भाऊ, आधी गाडी मिसिंग करायला लागली, मग पंपच गेला. वाचवले किती अन् घातले किती, तुम्हीच सांगा," तो म्हणाला. टाकीत नेमके काय पडले होते, हे त्याला आजही ठाऊक नाही.

खरे बायोडिझेल वाईट नाही, हे आधी स्पष्ट केले पाहिजे. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात डिझेल इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखविले होते. आपल्या रेल्वेनेही ३१ डिसेंबर २००२ रोजी दिल्ली-अमृतसर गाडी ५ टक्के बायोडिझेल मिसळून चालविली. पण घाण्यावरचे तेल म्हणजे बायोडिझेल नव्हे. कच्चे तेल घट्ट असते, त्याने नोझल चोंदतात. तेलात मिथेनॉल व थोडा कॉस्टिक सोडा घालून ग्लिसरीन वेगळे काढले की जे उरते, ते नीट धुऊन-वाळवून बायोडिझेल होते. धुण्यात कसूर झाली तर इंजिनाला धोका.

जुन्या गाडीला आणखी जपावे लागते. बायोडिझेल टाकीच्या तळाचा वर्षानुवर्षांचा गाळ सोडविते, तो फिल्टरमध्ये अडकतो. म्हणून सुरुवातीला फिल्टर लवकर बदलावा लागतो. जुन्या रबरी नळ्या व सील शुद्ध बायोडिझेलने फुगतात, गळतात. शिवाय त्यात डिझेलपेक्षा ऊर्जा सुमारे आठ टक्के कमी. म्हणजे ८० रुपयांचे शुद्ध बायोडिझेल भरून ९० रुपयांच्या डिझेलइतके अंतर कापायला ८७ रुपये जातात. दहाची बचत तीनवर येते! हा हिशेब त्या शेडवाल्याने कधी सांगितला काय?

केंद्राच्या ३० एप्रिल २०१९ च्या सूचनांनुसार बायोडिझेलची किरकोळ विक्री डिझेलमध्ये मिसळण्यासाठी असून तिला नोंदणी लागते. तरीही बायोडिझेलच्या नावाखाली कारखान्यांतली रसायने आणि बेस ऑईल टाक्यांत ओतली गेली. कर बुडवून नफा कमावणारे वेगळे आणि इंजिन फोडून घेणारे वेगळे. २०२१ मध्ये राज्यानेही धोरण केले. छापे पडतात तेव्हा शेडला टाळे लागते, पण चालकाचा फुटलेला पंप कोण भरून देणार?

या इंधनाचा भार गरिबाच्या माथी मारण्याची ही पहिली वेळ नाही. २००३ च्या नियोजन आयोगाच्या अहवालाने मोगली एरंडासाठी देशात १ कोटी ३४ लाख हेक्टर जमीन दाखविली. तिच्यात 'पडीक' म्हणून मोजलेली जमीन पुष्कळ. पडीक कोणाला? त्याच गायरानासाठी दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांनी तुरुंग भरले होते. तिथे आमच्या शेळ्या चरतात, आमची चूल पेटते. एरंडाने अपेक्षेइतके बी दिलेच नाही. २०१७ पर्यंत २० टक्के मिश्रणाचे २००९ चे धोरण फसले आणि २०१८ च्या धोरणाने उद्दिष्ट २०३० पर्यंत ५ टक्क्यांवर आणले.

आता उरतो तो मार्ग जवळचाच आहे. सरकीचे तेल खान्देशात आहे, पण ते माणसाच्या ताटातले. खाद्यतेल आयात करणाऱ्या देशाने ते जाळणे आम्हाला पटत नाही. हॉटेलांच्या कढईत पुन्हा पुन्हा तळलेले काळे तेल मात्र खाण्यालायक नसते. त्यापासून बायोडिझेल करावे म्हणून २०१८ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने मोहीम सुरू केली. जळगाव, भुसावळ, जामनेरची हॉटेले आणि फरसाणवाले यांचे तेल गोळा करण्याचे काम बचत गट व बेरोजगारांच्या सहकारी संस्थांना द्या, तपासणी शासनाने करावी आणि विक्री पावतीनेच व्हावी, ही आमची मागणी आहे. तोवर काळी-पिवळीवाल्या भावांनो, पावती मिळत नसेल तर टाकीचे झाकण उघडू नका.