कुद्रेमुखला तंबूत दोन रात्री

लग्नाला २२ वर्षे झाली, पण आम्ही दोघे कधी तंबूत राहिलो नव्हतो. आमच्या सहली म्हणजे शृंगेरी, होरनाडू, धर्मस्थळ. यात्री निवासातली खोली आणि रांगेतला प्रसाद. त्यामुळे २०२३ च्या डिसेंबरात लेक पुण्याला परत गेल्यावर सौ. म्हणाली, ‘‘अहो, कुद्रेमुखला जाऊ या. वनखात्याचे तंबू असतात तिथं,’’ तेव्हा मी चपापलोच. थंडीची भीती नव्हती, आणि जळवा डिसेंबरात फारशा नसतात. पण कुद्रेमुख हा शब्द आमच्या घरात २००२ पासून जपूनच उच्चारला जात होता.

हिचे थोरले भाऊ, आम्ही सगळेच त्यांना दादा म्हणतो, तिथल्या लोहखनिजाच्या प्रकल्पात फिटर होते. १९७६ मध्ये केंद्र सरकारच्या कंपनीने हे काम हाती घेतले ते इराणसाठी. १९७९ च्या क्रांतीनंतर इराणने हात काढून घेतला आणि माल दुसऱ्या देशांना जाऊ लागला. खनिज हलक्या प्रतीचे. ते दळून, त्यातले लोखंड वेगळे काढून, पाण्यात कालवून ६७ किलोमीटर लांब नळातून मंगळूरला पोचवत. १९८७ मध्ये याच डोंगरांतले सुमारे ६०० चौरस किलोमीटर राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर झाले आणि खाण जंगलाच्या पोटात सापडली. पावसाळ्यात खाणीचा गाळ भद्रेत उतरे. अखेर ऑक्टोबर २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की २००५ अखेर खाण बंद करावी.

निकालानंतर आठवड्याभरातच भाऊबीज होती. दादा आमच्याकडे आले होते. मी नवा प्राध्यापक, नवा जावई. जेवताना निकालाचे तोंड भरून कौतुक केले. जंगल वाचले, नदी वाचली वगैरे. दादांनी घास ताटात ठेवला आणि शांतपणे म्हणाले, ‘‘पाहुणे, तुमचा पगार एक तारखेला होतो.’’ पुढे त्यांनी हुबळीला हार्डवेअरचे छोटे दुकान टाकले. भाऊबीजेला ते पुन्हा आमच्या उंबऱ्यात आले नाहीत. हीच दरवर्षी हुबळीला जाऊन ओवाळून येते.

असो. बेळगावहून पहाटे निघालो. हुबळी, हावेरी, शिवमोगा, तीर्थहळ्ळी, शृंगेरी असा चारशेहून अधिक किलोमीटरचा रस्ता. शृंगेरी सोडले की झाडी दाटते. उद्यानातून जाताना मध्येच गाडी थांबवायची नाही, डबे उघडायचे नाहीत. चढ चढून वर आल्यावर मात्र डोळे निवतात. डोंगरमाथे नुसते गवताचे, वेताळ दिसावेत इतके उघडे, आणि दोन डोंगरांच्या घळीत काळेभोर जंगल दाटून बसलेले. याला इकडे ‘शोला’ म्हणतात. पावसाचे पाणी हे गवत आणि शोला धरून ठेवतात नि वर्षभर थेंबथेंब सोडतात. तुंगा, भद्रा आणि नेत्रावती या तिन्ही नद्या इथल्याच गंगामूळच्या डोंगरात उगम पावतात.

वनखात्याचे शिबिर भगवती येथे आहे. आधी आरक्षण करावे लागते. तंबू उभारलेलेच असतात, आत लोखंडी खाटा. शेकोटी नाही, दारू नाही, मोबाइलला रेंज नाही. पहिल्या रात्री ओढ्याचा आवाज इतका की मला पाऊसच पडतोय असे वाटले. झोप येईना. अंधारात ही बोलू लागली. कॉलेजच्या सुट्टीत ती दादांच्या क्वार्टर्समध्ये महिना महिना राहायची. वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस. कपडे शेगडीवर वाळवायचे, धुराचा वास घालून फिरायचे. दारात दादांनी फणस लावला होता. हे सगळे मी २२ वर्षांत पहिल्यांदा ऐकत होतो. मी कधी विचारलेच नव्हते. तो निकाल आजही मला योग्यच वाटतो, तसे मी तिला सांगितलेही. ‘‘मला ठाऊक आहे,’’ ती म्हणाली, ‘‘दादालाही ठाऊक आहे. पण ती भाऊबीज होती.’’

सकाळी वनरक्षकाबरोबर पायवाटेने गेलो. शेकरू दिसले. ज्याच्यासाठी हे जंगल प्रसिद्ध आहे तो सिंगळीक, म्हणजे सिंहपुच्छ वानर, काही दिसला नाही.

तिसऱ्या दिवशी कुद्रेमुख वसाहतीत गेलो. बरीचशी ओस. क्वार्टर्सच्या ओळी, काळवंडलेली छपरे, भिंतींतून उगवलेले पिंपळ. आत जाणाऱ्या रस्त्यावर आडवा दांडा होता आणि पहारेकऱ्याने नम्रपणे नकार दिला. ही दांड्यापाशी उभी राहून बराच वेळ पाहत राहिली. तिला हवी ती ओळ वळणापलीकडे होती.

तिथे थोडी रेंज आली, तशी हिने दादांना फोन लावला.

‘‘फणस आहे का गं?’’ दादांचा आवाज मलाही ऐकू आला.

‘‘आहे की. केवढा मोठा झालाय,’’ ही म्हणाली, आणि फोन माझ्या हातात दिला.

‘‘भद्रेचं पाणी कसं आहे?’’ त्यांनी विचारले.

‘‘स्वच्छ आहे. तळाचे गोटे दिसतात.’’

पलीकडे थोडा वेळ काहीच नाही. मग म्हणाले, ‘‘बरं. येताना घाटात गाडी सावकाश चालवा, पाहुणे. आणि हुबळीला जेवूनच पुढं जा.’’