तीनशे अंशांचा बुडबुडा

वर्ध्यात मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की माणसे कूलरपुढून हलत नाहीत. त्याच खोलीच्या कोपऱ्यातला स्वस्तातला ऑल-इन-वन प्रिंटर मात्र ३०० अंशांचे खेळ करत असतो. कॅनन किंवा एचपीच्या इंकजेटमध्ये प्रत्येक छिद्रामागे एक सूक्ष्म तापक असतो. तो काही मायक्रोसेकंदांत इतका तापतो की त्याला टेकलेल्या शाईची वाफ होते, बुडबुडा फुगतो आणि पुढची शाई थेंब होऊन कागदावर जाऊन आदळते. सेकंदाला हजारो वेळा! १९७७ साली कॅननच्या प्रयोगशाळेत तापलेले सोल्डरिंग आयर्न चुकून शाईच्या सिरिंजला लागले, सुईतून शाई उडाली, आणि तिथून ही युक्ती सुचली. (एप्सनवाले शाई तापवत नाहीत, विजेने वाकणारा पिझो तुकडा तिला ढकलतो.) थेंब दोन पिकोलिटरचा धरला, तर एका मिलिलिटरमध्ये ५० कोटी थेंब.

एवढ्या बारीक तोंडाशी विदर्भाची कोरडी हवा आली की शाईतले पाणी उडते आणि रंग छिद्रात घट्ट बसतो. म्हणून काम संपल्यावर प्रिंटर ही छिद्रे असलेले आपले हेड बाजूला नेऊन रबरी टोपीने झाकतो. छापता छापता लाइन गेली तर ते उघडेच राहते. भारनियमनाच्या गावात वीज येताच प्रिंटर चालू करून त्याच्याच बटणाने बंद करा, भिंतीवरच्या बटणाने कधीच नको.

छिद्र बुजले की सफाई आली, आणि सफाईत चांगली शाई आतल्या स्पंजात जाते. म्हणून शाईच्या खोक्यावरच्या ‘एवढी पाने’ या आकड्यावर विसंबू नका, तो सहसा आयएसओ चाचणीतला असतो: जवळपास सलग छपाई, खोलीत २३ अंश. हिंगणघाटात मे महिन्यात २३ अंश सहसा पहाटेही मिळत नाहीत! रोज मुलांचे प्रोजेक्ट, अर्ज निघत असतील तर बाटलीने शाई भरायचा टँकवाला, महाग असला तरी, घ्यावा. महिन्याकाठी चार पाने लागणाऱ्याला माझ्या मते चौकातले झेरॉक्सचे दुकानच परवडते. प्रिंटर घेतलाच, तर आठवड्याला एक रंगीत पान काढत राहा.

ऑल-इन-वन विकत घेताना त्यातल्या स्कॅनरची परीक्षा सुट्या कागदावर घेऊ नका. स्वस्त यंत्रातला पट्टीसारखा सेन्सर स्वतः रंगांधळा असतो. लाल, हिरवा, निळा प्रकाश आळीपाळीने टाकून तो एकेक ओळ वाचतो आणि त्यातून रंग जुळवतो. पण काचेला टेकलेलेच त्याला नीट दिसते. बँकेचे जाड पासबुक दुकानात न्या आणि मधल्या घडीजवळचे आकडे वाचता येतात का, तेवढे बघा.